पिल्सनर प्रकल्प : टाकी क्रमांक ३ ची वही

३ जून २०२५, मंगळवार

दादांनी, म्हणजे मालकांनी, सकाळी सगळ्यांना बोलावून घेतलं. आमच्या बाणेरच्या ब्रूपबमध्ये सध्या नळावर गव्हाची बिअर, आयपीए, स्टाउट आणि सफरचंदाची सायडर आहे. दादांचं म्हणणं असं, की रोज चार टेबलं तरी विचारतात, "साधी बिअर नाही का हो?" आणि आपल्याला नाही म्हणावं लागतं. मी म्हटलं, साधी बिअर म्हणजे पिल्सनर, आणि ती करायला सगळ्यांत अवघड. दादांना वाटलं मी पगारवाढीचा विषय काढतोय.

पुढे वारंवार सांगावं लागणार, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. गव्हाच्या बिअरला यीस्टचाच केळं-लवंगेचा वास इतका असतो की थोडं इकडचं तिकडे झालं तरी खपून जातं. आयपीएत हॉप्सचा, म्हणजे कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, मारा असतो, स्टाउटमध्ये भाजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, सगळ्यांवर पांघरूण घालतं. पिल्सनरमध्ये एक माल्ट, एक हॉप, पाणी आणि यीस्ट. लपायला जागाच नाही. शिवाय गव्हाची बिअर दोन आठवड्यांत नळावर चढते, आणि ही बाई टाकी सात-आठ आठवडे अडवून बसते.

हे ऐकल्यावर हिशेबाच्या ताईंनी कॅल्क्युलेटर काढला. "म्हणजे एका पिल्सनरच्या वेळात गव्हाच्या तीन-चार झाल्या असत्या?" हो. "मग भाव तिप्पट लावणार?" नाही. ताईंनी कॅल्क्युलेटर पर्समध्ये टाकला आणि उरलेली मीटिंग माझ्याकडे न बघता काढली.

ठरलं ते असं : टाकी क्रमांक ३, पाचशे लिटर. दादांची एकच अट, गटारीला नळावर हवी. गटारी २४ जुलैला आहे. मी "बघू" म्हणालो.

६ जून

चव समिती नेमली. सगळे एकवीस वर्षांच्या वरचे, सगळ्यांचं परमिट काढलेलं, फोटोकॉपी फाइलला. सभासद : दादा, ताई, मालवणी शेफ, बारवरचा पोरगा, मार्केटिंगची मुलगी, एक कॅप्टन, किचनमधले दोघे, आणि दादांचे गिरगावचे काका. काकांना कोणी नेमलं नाही. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुतण्याकडे विश्रांतीला आलेत आणि विश्रांती ते आमच्या बारवर घेतात.

नियम : एका वेळी साठ मिली. आधी बघायचं, मग हुंगायचं, मग घोट. कोणी काय लिहिलं ते दुसऱ्याने डोकावून पाहायचं नाही. चाखण्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, पान, तंबाखू बंद. शेवटच्या नियमावर किचनमधल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

काका म्हणाले, "मला शिकवू नकोस, मी तरुणपणी लंडन पिल्सनर प्यायलोय. एलपी म्हणायचो आम्ही." मी सांगायला गेलो, की काका, पिल्सन हे चेक देशातलं गाव आहे, त्याचा लंडनशी काही संबंध नाही. काका म्हणाले, "बॉम्बे डकचा तरी बदकाशी कुठे आहे?" समितीचं अध्यक्षपद तिथेच काकांकडे गेलं.

१० जून

आज पाणी. टँकरवाल्याचं पाणी बोअरचं, किटलीत पांढरी खपली धरणारं. स्टाउटला ते चालतं, पिल्सनरला नाही. पिल्सनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीतच, आणि त्या बिअरचा कडवटपणा जिभेला ओरखडे न काढता येतो त्याचं मोठं श्रेय त्या मऊ पाण्याला आहे. तेव्हा आरओ चालवून सगळं काढून टाकलं आणि वरून थोडं कॅल्शियम क्लोराइड परत घातलं. ताईंनी विचारलं, "आधी पैसे देऊन क्षार काढायचे आणि मग पैसे देऊन घालायचे?" हो, ताई.

चेक देशातल्या झाटेच गावचे हॉप्स आले, चांदीच्या रंगाच्या हवाबंद पिशव्यांत, दोन किलोच्या आसपास. जर्मन लोक या गावाला झात्स म्हणतात. पिशवी फोडली की आधी ओल्या गवताचा, मग मिऱ्यासारखा, मग कसल्याशा फुलाचा वास येतो. हॉप्सच्या जगात हा गरीब स्वभावाचा. कडवटपणा देणारं आम्ल यात तीन-चार टक्केच, हल्लीच्या अमेरिकन हॉप्समध्ये ते बारा-चौदा टक्केही असतं. म्हणून हा घालावाही जास्त लागतो, आणि बिलही त्याच मानाने येतं. ते बिल मी ताईंच्या टेबलावर ठेवून लगेच टाकीघरात गेलो.

१२ जून, गुरुवार. ब्रू-डे

पहाटे पाचला सुरुवात. साधारण शंभर किलो पिल्सनर माल्ट दळलं. भरड असं हवं, की दाणा फुटेल पण साल शाबूत राहील, कारण गाळताना त्या सालीच गाळणीचं काम करतात. ६३ अंशांवर मॅश, म्हणजे माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण, धरला. मग जुन्या चेक पद्धतीने त्यातला तिसरा हिस्सा, घट्ट घट्ट, वेगळा काढून किटलीत उकळला आणि परत मूळ भांड्यात ओतला. तापमान आपोआप ७२ च्या आसपास चढलं. पिल्सनला हे तीनदा करतात. आमच्या भांड्यांची आणि माझ्या कमरेची कुवत एकदाचीच. यंत्रांच्या जमान्यात हे करायची गरज नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे मुद्दे चुकीचे नाहीत. पण उकळलेल्या मॅशमुळे पावाच्या करपऱ्या कडेसारखी जी चव येते ती मला हवी होती.

मग नव्वद मिनिटं उकळी, झाकण सताड उघडं. फिकट माल्टमध्ये एक असा घटक असतो की तापवल्यावर त्यातून उकडलेल्या मक्याचा वास निघतो. तो वाफेबरोबर जाऊ दिला नाही तर बिअरमध्ये कायमचा बसतो. पाऊण तासाने वॉचमन आत डोकावला, "कणसं उकडताय का साहेब?" त्याला तिथेच समितीत घ्यावं असं मनात आलं होतं, पण तो पंढरपूरचा माळकरी निघाला.

संध्याकाळी सगळं ९ अंशांपर्यंत गार केलं. जूनमध्ये पुण्याच्या नळाचं पाणीच पंचवीस-सव्वीस अंशांचं असतं, तेव्हा ग्लायकॉलच्या मशीनने अक्षरशः कण्हत कण्हत हे काम केलं. पाऊण किलो लागर यीस्ट, म्हणजे थंडीत काम करणारं, सोडलं. ग्रॅव्हिटी, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, १२ प्लेटो, पाहिजे होती तितकीच.

१३ जून

उरलेला चोथा नेहमीप्रमाणे गोठेवाले मामा घेऊन गेले. दुपारी त्यांचा फोन, "आज काय वेगळं होतं का? म्हशींनी घमेलं चाटून पुसून ठेवलं." ही या प्रकल्पाची पहिली अधिकृत चव-नोंद. वहीत चढवली.

१७ जून

टाकी १० अंशांवर. वर जाड फेस. ताई सॅम्पलच्या नळाजवळून जाताना थबकल्या. "यात अंडं घातलंय?" ताई कट्टर शाकाहारी. त्यांना समजावलं, की लागरचं यीस्ट थंडीत काम करताना गंधकाचा वायू सोडतं, कुजक्या अंड्याचा वास त्याचाच. कर्बवायूच्या बुडबुड्यांबरोबर तो हळूहळू निघून जातो. ताईंनी ऐकून घेतलं. मग माल्टच्या पोत्यावर हिरवा ठिपका आहे का ते स्वतः जाऊन बघून आल्या.

२० जून

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, कर्बवायूचा सिलिंडर अडकला. टाकीला त्याची गरज नाही, तिचा स्वतःचा तयार होतोय.

२२ जून

ग्रॅव्हिटी ५ प्लेटोच्या खाली आली. तापमान १५ पर्यंत वर जाऊ दिलं. यीस्टने आंबवताना केलेला पसारा त्याच्याकडूनच आवरून घ्यायचा, तर त्याला थोडी ऊब लागते. दादांनी काटा वर जाताना पाहिला आणि घाबरून फोन केला. मुद्दाम केलंय म्हटल्यावर त्यांना जास्तच काळजी वाटली.

२५ जून

लोण्याची परीक्षा. समितीतल्या सगळ्यांना ही जादू वाटली म्हणून सविस्तर लिहितो.

टाकीतून दोन बरण्या भरल्या, दोन्हींना झाकण. एक तशीच गार ठेवली. दुसरी साठ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बसवली, मग बर्फात घालून पहिलीइतकीच गार केली. आता दोन्ही हुंगायच्या. पहिलीत काही नाही, ताजं पीठ आणि किंचित गंधक. दुसरीचं झाकण काढलं आणि शेफ म्हणाला, "पावभाजीचा तवा!" अगदी तोच वास. वितळलेलं लोणी, सिनेमा थिएटरचे पॉपकॉर्न. या पदार्थाला डायअसेटिल म्हणतात. गार बरणीत तो अजून तयार व्हायचाय, त्याचा कच्चा माल तेवढा पडून आहे. ऊब दिली की लोणी वर येतं. म्हणजे आज घाईने बिअर गार करून केगमध्ये, म्हणजे पिंपात, भरली असती, तर इथे छान लागली असती आणि पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाच्या ग्लासात तवा तापला असता. यीस्टला अजून दोन-तीन दिवस दिले तर ते हे सगळं खाऊन टाकतं. तेव्हा थांबायचं.

मार्केटिंगच्या मुलीने विचारलं, "मग बटर पिल्सनर म्हणूनच विकू या का?" विनोद नव्हता, तिने नावाचं डिझाइनही मनात केलं होतं. तिला सांगितलं, की चेक लोक याचा पुसटसा अंश चालवून घेतात, काहींना तो हवासाही असतो. जर्मन मात्र नाक मुरडतात. मी या बाबतीत जर्मन आहे.

२८ जून

परीक्षा पुन्हा. दोन्ही बरण्या सारख्या. शेफ हिरमुसला. आजपासून रोज दीड-दोन अंश खाली. रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला, डिझेलचं बिल ताईंच्या फाइलला लागलं.

६ जुलै

आषाढी. ड्राय डे. टाकी १ अंशावर पोचली.

१० जुलै

दादांनी कुठेतरी इतिहास वाचलाय. आता ही डोकेदुखी.

इतिहास असा. पिल्सनमध्ये पूर्वी बिअर इतकी बेभरवशाची असायची, की १८३८ मध्ये गावकऱ्यांनी नासलेल्या बिअरची ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली. मग बिअर करण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी मिळून नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातल्या फिल्सहोफेनहून योझेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला. माणूस फटकळ म्हणून प्रसिद्ध. त्याने फिकट माल्ट, झाटेचचे हॉप्स, गावचं मऊ पाणी आणि बव्हेरियन थंड यीस्ट एकत्र आणलं. ५ ऑक्टोबर १८४२ ला पहिली बिअर रांधली, ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, लोकांना पाजली. तोवर त्या भागात बहुतेक गढूळ-तपकिरी बिअर, आणि ही एकदम सोनेरी, आरपार दिसणारी. आज जगात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फिकट बिअरचं मूळ तिथे आहे.

दादांनी यातून नेमकं एवढंच उचललं, "५ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर म्हणजे ३७ दिवस. आपल्या हिशेबाने १९ जुलै. गटारीच्या आधी पाच दिवस!"

मी म्हटलं, दादा, ग्रोलच्या बिअरशी तुलना करायला तेव्हा जगात दुसरी पिल्सनर नव्हती.

दादा म्हणाले, "आणि पुढे त्या ग्रोलचं काय झालं?" १८४५ मध्ये करार संपला, तो पुन्हा झाला नाही. दादा काही बोलले नाहीत, नुसते हसले.

१४ जुलै

करवाढीच्या निषेधार्थ आज राज्यभर बार आणि परमिट रूमचा बंद. विक्री नाही, म्हणून सगळ्यांना ग्लास धुवायला बसवलं. पिल्सनरचा अर्धा जीव फेसात असतो आणि फेसाचा वैरी तेल. आमच्याकडे कांदा भजी ही सर्वाधिक खपाची डिश, म्हणजे शत्रू घरातच आहे. ग्लास ओला करून उपडा धरायचा. पाणी एकसंध पातळ पडद्यासारखं उतरलं तर ग्लास स्वच्छ. थेंब थेंब होऊन चिकटून राहिलं तर तिथे तेल किंवा साबण आहे. भरलेल्या ग्लासात आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसतात, ते पाहून गिऱ्हाईक म्हणतं वा काय गॅस आहे, पण ती ग्लास नीट न धुतल्याची खूण.

चाळीसातले सहा पास. बारवरचा पोरगा म्हणाला, "इतकी वर्षं आपण काय करत होतो?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

१७ जुलै. समितीची पहिली रीतसर बैठक

टाकीतून थेट काढलेली, न गाळलेली. शेरे मूळ कागदांवरून, शुद्धलेखन माझं.

रूप : "धुरकट" (पाच जण). "माझ्या ऑपरेशनच्या आधीसारखी" (काका).

वास : "ओलं गवत", "पावाची भट्टी", "काडी ओढल्यावर येतो तो" (ताई, म्हणजे गंधक अजून थोडा आहे, आणि ताईंचं नाक समितीत सगळ्यांत तल्लख आहे). "लिची, पांढरा पीच, उन्हाळी पहाट" (मार्केटिंग). हा शेरा बाद केला.

चव : "सुरुवात चांगली, मग घशात मेथी" (शेफ). "कडू" (किचनमधले दोघे, एकाच अक्षरात). "बरी आहे पण कोणाशी बोलत नाही" (कॅप्टन). हा मला सगळ्यांत नेमका शेरा वाटला. कडवटपणा एका बाजूला, गोडवा दुसऱ्या बाजूला, मध्ये अंतर. थंडीत पडून राहिली की यीस्ट खाली बसतं, हॉप्सचे खरखरीत अंश त्याच्याबरोबर खाली जातात, आणि ते अंतर भरतं.

दादांनी पाचपैकी साडेचार दिले आणि विचारलं, "मग गटारीला सोडायची ना?" मतदान घेतलं. माझी पक्की खात्री होती की ताई सोडा म्हणणार. ताई म्हणाल्या, "सव्वा महिना टाकी अडकवून ठेवलीच आहे. आता तीन आठवड्यांसाठी गंधकवाली विकून नाव घालवायचं असेल, तर मग सुरुवातीलाच गव्हाची करायची होती." थांबण्याच्या बाजूने सहा विरुद्ध तीन. तिघांत दादा, काका आणि मार्केटिंग.

२४ जुलै. गटारी

रात्री पावणेदहाला गव्हाची बिअर संपली, सव्वादहाला सायडर. साडेदहाला दादा टाकी क्रमांक ३ समोर येऊन हात मागे बांधून उभे. मी सॅम्पलच्या नळाची चावी खिशात घातली. पाच मिनिटांनी ते गेले. जाताना म्हणाले, "उद्यापासून श्रावण. अर्धं पुणं पीत नाही. तुझी बिअर नळावर येईल तेव्हा प्यायला कोण, म्हशी?"

३१ जुलै

आज ऊन पडलं. ऊन पडायची आठवडाभर वाट बघत होतो, कारण प्रयोग उन्हाचा होता.

तीन ग्लासांची चाचणी : दोन ग्लासांत तीच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळी कोणती ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांत एक बरोबर येतो, म्हणून नऊ जणांत सहा तरी बरोबर आले तरच निकाल मानायचा. सगळे ग्लास गच्चीवर पंधरा मिनिटं ठेवले. काही उघडे, बाकीच्यांना फॉइल गुंडाळलेली, म्हणजे कोमटपणावरून कोणी ओळखू नये. मग सगळे सारखेच गार केले. हॉप्समधल्या कडू अंशांवर ऊन पडलं की ते तुटतात आणि बिअरमधल्या गंधकाशी जोडले जाऊन एक भयंकर वास तयार होतो. मिनिटांत होतो, आणि त्याचा इतका सूक्ष्म अंशही नाकाला कळतो की यंत्रांनी लाजावं. तपकिरी बाटली हे ऊन अडवते, हिरवी फारसं अडवत नाही, बिनरंगाची तर मुळीच नाही.

नऊपैकी आठ बरोबर. शेरे : "जळकं रबर", "गॅसचा पाइप लीक आहे", "मांजर", आणि ताईंचा, "हे मी तोंडात घेणार नाही."

नववे दादा. त्यांनी फॉइलवाला ग्लास वेगळा म्हणून दाखवला. मग तिन्ही ग्लास उघड केल्यावर उन्हातला उचलून पुन्हा घोट घेतला आणि म्हणाले, "पण ही मला जास्त आवडली. हिला इम्पोर्टेड चव आहे." खोलीत शांतता. मी हळूच विचारलं, दादा, तुम्ही परदेशातून आणता त्या बाटल्या कुठल्या रंगाच्या? हिरव्या. घरी कुठे ठेवता? बाल्कनीतल्या शोकेसमध्ये.

काका इतके हसले की डोळ्यांत घालायच्या थेंबांची वेळ चुकली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

ऑगस्टचा पहिला शुक्रवार म्हणजे आंतरराष्ट्रीय बिअर दिन, असं मार्केटिंगकडून कळलं. ताईंनी कळवलं, की हा जिवतीचा शुक्रवारही आहे आणि त्या चारला निघणार. दोन्ही सण आपापल्या जागी पार पडले.

५ ऑगस्ट

टाकी काचेसारखी स्वच्छ झाली आहे, गाळावं लागलं नाही. ग्लासामागे वर्तमानपत्र धरून काकांनी बातमी वाचून दाखवली आणि ऑपरेशन यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. गंधक गेला. आधी पावाची कड येते, मग थोडा मधाळपणा, मग कडवटपणा हळूच वर चढतो आणि घोट गिळल्यावर निघून जातो. मेथी राहिली नाही. मद्यार्क ५ टक्क्यांच्या किंचित खाली.

केग भरायच्या आधी फेसावरून वाद. चेक लोक पिल्सनर तीन बोटं जाड, ओलसर, सायीसारख्या फेसासकट देतात. फेस बिअरला हवेपासून झाकतो, सुगंध धरून ठेवतो. त्यांच्याकडे एक प्रकार असा आहे, म्लीको, ज्यात जवळजवळ अख्खा ग्लास फेसच असतो आणि तो एका दमात प्यायचा. मी एक भरून दाखवला. दादा हादरले. "हे टेबलावर नेलं तर गिऱ्हाईक मॅनेजरला बोलावेल. आपल्याकडे फेस म्हणजे मापात पाप!" खरं आहे. आपल्याकडे बिअर तिरप्या ग्लासात, फेस येऊ न देता, काठोकाठ भरायची, आणि मग पोट फुगलं म्हणून तक्रार करायची. जो वायू ग्लासात सुटायला हवा तो मग पोटात सुटतो.

तोडगा कॅप्टनने काढला. ग्लास मोठा घ्यायचा, ३३० मिलीवर रेघ मारायची. बिअर रेघेपर्यंत, फेस रेघेच्या वर. गिऱ्हाइकाला रेघ दिसली की त्याचा जीव शांत होतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नळावर

सात अंशांवर द्यायची असं ठरलं होतं. पहिल्याच टेबलाने ग्लासाला हात लावून विचारलं, "चिल्ड नाहीये का?" बारवरच्या पोराने माझ्याकडे पाहिलं. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की फार गार केली की जीभ बधिर होते आणि पाणी पाजल्यासारखं होतं. तो टेबलाशी गेला आणि म्हणाला, "सर, ही अशीच असते, युरोपात." वाद मिटला. युरोपाचं नाव घेतलं नसतं तर माल्ट-हॉप्सचं अख्खं व्याख्यान देऊनही मिटला नसता.

दुसऱ्या टेबलावर आयटीतले चौघे. एकाने घोट घेतला, विचार केला आणि म्हणाला, "नॉर्मल आहे. बिअरसारखीच लागते." दादा शेजारीच उभे होते, त्यांचा चेहरा पडला. दोन महिने, झाटेचचे हॉप्स, आरओ, डिझेल, आणि निकाल काय तर बिअरसारखी लागते. मी दादांना कोपऱ्यात नेलं आणि त्याच टेबलाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. त्या माणसाने पहिला ग्लास बोलता बोलता संपवला, दुसरा मागवला, आणि तिसरा मागवताना मेनूही बघितला नाही. रिकाम्या ग्लासाच्या आतल्या बाजूला फेसाची कडी होती, प्रत्येक घोटाची एक. ती दिसली म्हणजे ग्लास नीट धुतला गेलाय. हे श्रेय बारवरच्या पोराचं, म्हणून इथे लिहितो.

श्रावण असूनही पहिल्या रात्री दोन केग संपले. जे पाळत नाहीत ते दुपटीने पितात, असा ताईंचा निष्कर्ष. त्यांच्याकडे आकडे आहेत.

१५ ऑगस्ट

ड्राय डे. नळांच्या लाइन धुतल्या.

१९ ऑगस्ट

दोन दिवस पावसाने झोडपलंय, गर्दी नाही. शेवटचे तीन केग शिल्लक. समितीची समारोपाची बैठक रिकाम्या बारमध्ये झाली. काकांनी मोतीबिंदूचा दुसरा डोळाही पुण्यातच करून घ्यायचं ठरवलंय.

ताईंचा हिशेब : टाकीच्या भाड्याने पाहिलं तर पिल्सनर तोट्यात. पण या टेबलांचं बिल गव्हाच्या बिअरवाल्यांपेक्षा मोठं येतं, कारण लोक एकावर थांबत नाहीत, आणि बरोबर भजी मागवतात. ताईंनी स्वतःहून सुचवलं की टाकी क्रमांक ३ कायमची हिलाच द्यावी. मी लगेच ते लेखी मागितलं. त्यांनी दिलं, सहीसकट. फाइलला लावलंय.

पुढच्या बॅचसाठी : हॉप्सचा शेवटचा हप्ता थोडा वाढवणे. झाटेचची ऑर्डर आत्ताच देणे, तिथे नवा हंगाम ऑगस्टअखेर-सप्टेंबरला तोडणीला येतो. ग्लायकॉलच्या मशीनची सर्व्हिसिंग. भजीच्या प्लेटबरोबर टिश्यू जास्त ठेवणे.

निघता निघता दादांनी विचारलं, "पुढच्या वेळी यात हापूस घातला तर?" मी म्हटलं, दादा, ऑगस्टमध्ये हापूस मिळत नाही. ते म्हणाले, "पल्प मिळतो की डब्यातला." ताईंना त्याचा भाव काढायला सांगितलाय. ताईंनी तो डिसेंबरच्या आत काढू नये अशी मी त्यांना विनंती केली आहे.